किर्गिझस्तान, खिशाला परवडेल असा: दहा दिवस, एक सॅक आणि थोडी पूर्वतयारी

(या भागाचं लिखित रूप. बोलण्याच्या ओघातलं थोडं जुळवून घेतलंय, बाकी जसं बोलले तसंच.)

गेल्या काही महिन्यांत तुमचे मेसेज वाचताना एक प्रश्न सारखा दिसला. "पहिल्यांदाच परदेशात जायचंय, पगारातून साठवलेले पैसे आहेत, थायलंड-दुबई नको, दुसरं काही सांगा ना." तर आज किर्गिझस्तान. नाव घेताना जीभ अडखळते, पण देश तसा जवळ आहे. घड्याळ आपल्यापेक्षा फक्त अर्धा तास पुढे. आणि हिशेबाला सगळ्यात सोपी गोष्ट म्हणजे तिथलं चलन, सोम. गेली काही वर्षं एक सोम आणि एक रुपया जवळपास बरोबरीत चाललेत. पाटीवर ३०० दिसलं की ३०० रुपये समजा. डोक्यात गुणाकार करत बसायला नको.

एक गोष्ट आधीच सांगते. स्वस्तात फिरणं म्हणजे प्रत्येक ठिकाणी पैसे वाचवणं नाही. कुठे वाचवायचे आणि कुठे अजिबात वाचवायचे नाहीत, हे कळणं म्हणजे बजेट ट्रिप. मी स्वतः यात एकदा चुकलेय. ते पुढे येईलच.

कधी जायचं आणि कसं पोहोचायचं

देशाचा ९० टक्क्यांहून जास्त भाग डोंगराळ आहे. त्यामुळे डोंगरात जायचं असेल तर मध्य जून ते मध्य सप्टेंबर हाच खरा काळ. आपल्याकडे पाऊस कोसळत असतो, तेव्हा तिथे कुरणं हिरवी असतात आणि मेंढपाळ कुटुंबं वर राहायला गेलेली असतात.

भारतीय पासपोर्टवर ई-व्हिसा लागतो. अर्ज सरकारी संकेतस्थळावरूनच करा. मधले एजंट त्याच कामाचे जास्तीचे पैसे घेतात. ई-व्हिसा प्रत्येक सीमा नाक्यावर चालत नाही, म्हणून तुम्ही जिथून शिरणार ते ठिकाण यादीत आहे ना, हे तिकीट काढायच्या आधी बघा.

विमानाचे दोन मार्ग तपासा. एक, दिल्लीहून थेट बिश्केक, म्हणजे राजधानी. दुसरा, दिल्लीहून कझाकस्तानातलं अल्माटी आणि तिथून रस्त्याने बिश्केक. २०२२ पासून भारतीयांना कझाकस्तानात एका वेळी १४ दिवसांपर्यंत व्हिसा लागत नाही. अल्माटीच्या सायरान बसस्थानकावरून बिश्केकच्या गाड्या सुटतात. सीमेवर फार गर्दी नसेल तर चार-पाच तासांत पोहोचता. दोन्ही मार्गांचा एकूण खर्च मांडा, मगच ठरवा. एका तिकिटात दोन देश दिसतात म्हणून उगाच लांबचा रस्ता धरू नका.

फोनमध्ये काय हवं

हे घरूनच करून निघा. यांडेक्स गो हे टॅक्सीचं अ‍ॅप भारतात असतानाच डाउनलोड करा आणि नंबर टाकून सुरू करा. तिथे गेल्यावर ओटीपी आपल्या बंद पडलेल्या सिमवर येत बसतो. दुसरं अ‍ॅप टूजीआयएस. त्यात शहराचा नकाशा ऑफलाइन चालतो, बसचे मार्गही दिसतात. तिसरं, भाषांतराच्या अ‍ॅपमध्ये रशियन भाषेचं पॅकेज ऑफलाइन ठेवा. किर्गिझ ही तिथली भाषा, पण रशियन जवळपास सगळीकडे चालते.

सिमकार्ड पासपोर्ट दाखवून सहज मिळतं आणि डेटा स्वस्त आहे. डोंगरात मात्र रेंज जाते, म्हणून मुक्कामाचा पत्ता आणि फोन नंबर कागदावरही लिहून ठेवा. हो, कागदावर! बॅटरी संपली की कागदच कामाला येतो.

आणि अर्धा तास काढून लिपी शिका. पाट्या सिरिलिक लिपीत असतात. त्यातली काही अक्षरं इंग्रजीसारखी दिसतात, पण उच्चार वेगळा. 'पी' दिसला की 'र' वाचा, 'सी' म्हणजे 'स', 'एच' म्हणजे 'न', 'बी' म्हणजे 'व'. मी पहिल्या दिवशी एका पाटीवर "पेक्टोपाह" वाचलं आणि हे कुठलं देऊळ असेल म्हणून विचार करत बसले. ते होतं "रेस्तोरान"!

शब्दांची तर गंमतच आहे. दुकानाला तिथे 'दुकोन'सारखं काहीतरी म्हणतात, मित्राला 'दोस'. बाजार, मैदान, चाय तर जसेच्या तसे. फारसीतून हे शब्द त्यांच्याकडेही गेले आणि आपल्याकडेही आले. बाकी चार शब्द पाठ करा: नमस्काराला 'सालामात्सिझबी', आभाराला 'रहमत', किती झाले विचारायला 'कांचा', आणि मांस नको असेल तर 'एत्सिझ'.

पैसे

यूपीआयची सवय घरी ठेवून जा. बिश्केकमध्ये कार्ड चालतं, गावात रोख लागते. डॉलर न्यायचे असतील तर नोटा नवीन, न दुमडलेल्या, न फाटलेल्या हव्यात. घडी पडलेली नोट नाकारतात किंवा कमी भाव देतात. विमानतळावर फक्त शहरात पोहोचण्यापुरते पैसे बदला. बाकीचे शहरातल्या मनी चेंजरकडे, तिथे भाव बाहेर पाटीवर लिहिलेला असतो. डोंगराकडे निघण्याआधी सगळी रोख सोबत घ्या, आणि ती एकाच पाकिटात ठेवू नका.

मार्श्रुत्का, म्हणजे तिकडचं वडाप

आपल्याकडे सातारा-कोल्हापूर भागातलं वडाप माहीत असेल, तर तुम्हाला मार्श्रुत्का समजावून सांगायला नको. पंधरा-वीस सीटची व्हॅन, भरली की सुटते. बिश्केकहून काराकोलला जायला सहा-सात तास लागतात आणि साधारण ५०० ते ८०० सोम. सकाळी लवकर जा. दुपारनंतर गाडी भरायला वेळ लागतो.

जिथे मार्श्रुत्का नाही तिथे शेअर टॅक्सी. इथे एक वाक्य महत्त्वाचं आहे: 'अद्नो म्येस्ता', म्हणजे 'एक सीट'. हे आधी बोलला नाहीत, तर चालक समजतो की तुम्ही अख्खी गाडी केली, आणि उतरताना चार सीटचे पैसे मागतो. त्याची लबाडी असेलच असं नाही, बोलणंच झालेलं नसतं. बसण्याआधी फोनच्या कॅल्क्युलेटरवर आकडा टाईप करून दाखवा. त्याने मान हलवली की मगच सॅक डिकीत.

राहणं आणि खाणं

होस्टेलमध्ये एक बेड अंदाजे ७०० ते १२०० सोम. गावात होमस्टे घ्या. तिथे सीबीटी नावाचं एक जाळं आहे, म्हणजे गावकऱ्यांनीच एकत्र येऊन चालवलेलं पर्यटन. कोचकोर, काराकोल अशा ठिकाणी त्यांची कार्यालयं आहेत. राहायची घरं, घोडे, वाटाडे यांचे दर तिथे ठरलेले असतात, त्यामुळे घासाघीस करावी लागत नाही.

शाकाहारी मंडळींनी घाबरू नका, पण सावध राहा. जेवण मांसाभोवतीच फिरतं. नान, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर, कायमाक म्हणजे दाट साय, मध, जाम आणि बूरसोक नावाचे तळलेले पिठाचे गोळे, हे सगळीकडे मिळतं. काराकोलला अश्लान-फू खा. थंडगार, आंबट-तिखट नूडल्स, दुंगान लोकांचा पदार्थ. बऱ्याचदा त्यात मांस नसतं, पण विचारून घ्या. यजमानांना आदल्या दिवशी सांगितलं तर बटाट्याचं किंवा भाताचं काहीतरी करून देतात. सॅकमध्ये शेंगदाण्याची चटणी आणि मेतकूट टाका. भात आणि मेतकूट असलं की कुठल्याही डोंगरात पोट भरतं. बिश्केकमध्ये वैद्यकीय शिक्षणाला आलेले आपले विद्यार्थी खूप, त्यामुळे भारतीय जेवणही मिळतं.

माझी चूक

आता ती गोष्ट. बिश्केक समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटरवर आहे. इसिक-कुल हे प्रचंड सरोवर १,६०७ मीटरवर. आपलं कळसूबाई १,६४६ मीटर, म्हणजे तिथलं पाणीच जवळजवळ कळसूबाईच्या उंचीवर! आणि सोंग-कुल हे दुसरं सरोवर ३,०१६ मीटरवर.

मी काय केलं? कोचकोरच्या मुक्कामाचे हजारभर सोम वाचवायला सकाळी बिश्केकहून निघाले आणि संध्याकाळी थेट सोंग-कुलला. एका दिवसात दोन हजार मीटर वर. रात्री डोकं फुटेल असं दुखायला लागलं, उलट्या झाल्या, झोप नाही. बाहेर ऑगस्टमध्येही हाडं गोठवणारी थंडी, फोनला रेंज नाही. ज्यांच्या युर्टमध्ये, म्हणजे लोकरीच्या गोल तंबूत, मी होते, त्या आजींनी रात्रभर शेगडी पेटती ठेवली आणि थोडा थोडा चहा पाजत राहिल्या. पहाटे त्यांच्या मुलाने गाडीने खाली आणलं, आणि उतरता उतरताच बरं वाटायला लागलं. हजार सोम वाचवायला गेले आणि सोंग-कुलचे दोन्ही दिवस गेले, वर गाडीचे पैसे वेगळे. हे सगळं माझं नशीब चांगलं म्हणून एवढ्यावर भागलं.

म्हणून नियम लिहून घ्या. मध्ये एक रात्र कोचकोरला थांबा. वर गेल्यावर पहिल्या दिवशी धावपळ नको, पाणी भरपूर प्या. डोकेदुखी वाढत असेल, चालताना तोल जात असेल, तर सकाळची वाट बघू नका, खाली उतरा. उंचीच्या त्रासावर खरा उपाय खाली उतरणं हाच आहे.

आणि प्रवास विमा. त्याची अटींची पानं वाचा. बऱ्याच पॉलिसी ठरावीक उंचीच्या वर ट्रेकिंगला लागू होत नाहीत. काराकोलहून आला-कुलचा ट्रेक करणार असाल, तर तिथली खिंड ३,९०० मीटरच्या आसपास आहे. तेवढी उंची विम्यात धरलेली आहे का, हे विचारूनच पैसे भरा. इथे वाचवलेले पाचशे रुपये सगळ्यात महाग पडू शकतात.

सुरक्षितता, स्पष्टच

मे २०२४ मध्ये बिश्केकमध्ये परदेशी विद्यार्थ्यांच्या वसतिगृहांवर जमावाने हल्ले केले होते. भारतीय दूतावासाने तेव्हा आपल्या मुलांना घरातच थांबायला सांगितलं होतं. हे लपवून मी तुम्हाला जा म्हणणार नाही. मला स्वतःला लोक प्रेमळच भेटले, पण एकीच्या अनुभवावर तुम्ही निर्णय घेऊ नका. निघण्याआधी दूतावासाच्या सूचना वाचा, तिथला नंबर जवळ ठेवा, रात्री उशिरा दारूच्या अड्ड्यांजवळ रेंगाळू नका, रात्री टॅक्सी अ‍ॅपवरूनच घ्या. आपत्कालीन नंबर ११२, पोलीस १०२, रुग्णवाहिका १०३. राहण्याच्या नोंदणीचे नियम बदलत असतात, म्हणून पहिल्याच मुक्कामी यजमानांना विचारा.

घासाघीस कुठे करायची नाही

युर्टमध्ये एक रात्र, जेवण आणि नाश्त्यासह, अंदाजे २,००० ते ३,००० सोम. होस्टेलच्या मानाने जास्त वाटतं. पण पीठ, भाजी, लाकूडफाटा सगळं खालून वर आणावं लागतं आणि हंगाम जेमतेम तीन-चार महिन्यांचा. त्यावर त्या घराचा वर्षाचा बराचसा खर्च चालतो. टॅक्सीवाल्याशी भाव करा, बाजारात करा. इथे नको. कोचकोरला शिरदाक, म्हणजे नमद्याचे नक्षीदार गालिचे मिळतात. ते करायला महिने लागतात. २०१२ मध्ये युनेस्कोने ही कला तातडीने जपायच्या यादीत घेतली. परवडत नसेल तर छोटं आसन घ्या, पण किंमत पाडू नका.

युर्टमध्ये जाताना बूट बाहेर, उंबऱ्यावर पाय नको, नान उलटा ठेवायचा नाही. चहाची वाटी अर्धीच भरून देतात, त्याला कंजूषपणा समजू नका. परत परत वाढता यावं म्हणून ती अर्धी असते. काठोकाठ भरली, तर समजा आता उठायची वेळ झाली!

दहा दिवसांचा आराखडा

दोन दिवस बिश्केक, त्यात एक दिवस शहरापासून ४० किलोमीटरवरचं आला-आर्चा राष्ट्रीय उद्यान. एक रात्र कोचकोर. दोन रात्री सोंग-कुल. मग इसिक-कुलच्या दक्षिण काठाने काराकोल, तिथे चार दिवस: लाकडी दुंगान मशीद, जेती-ओगुझचे लाल कडे, जमलं तर आल्तिन-आराशानचे गरम पाण्याचे झरे. शेवटचा दिवस परतीसाठी राखीव, कारण डोंगरातली गाडी वेळेवर येईलच असं नाही.

विमान, व्हिसा आणि विमा सोडून दिवसाला अडीच ते साडेतीन हजार सोम धरा, म्हणजे दहा दिवसांचे २५ ते ३५ हजार. त्याच्या वर पाच हजार वेगळे ठेवा, आणि ते नाहीतच असं समजून फिरा. माझ्यासारखी पहाटे गाडी करून खाली उतरायची वेळ आली, तर ते तेव्हासाठी.

कोणी जाऊन आलं असेल, तर तुमचे ताजे भाव आणि अनुभव व्हॉइस नोटने पाठवा, पुढच्या भागात ऐकवते. तोवर पासपोर्टची मुदत तपासून ठेवा. चला, भेटूच!