तारीख लिहा, साहेब

धडगाव तालुक्यातल्या एका प्राथमिक आरोग्य केंद्राच्या अंगणात ताडपत्री बांधली आहे. टेबलामागे वैद्यकीय अधिकारी आणि तालुका आरोग्य अधिकारी; समोर सतरंज्यांवर सातपुड्याच्या पाड्यांवरून डोंगर उतरून आलेली माणसं. जनसुनवाई आहे.

भिंतीवर गावांची प्रगतिपुस्तकं चिकटवलीत. सेवा चांगली तर हिरवा रंग, मध्यम असेल तर पिवळा, वाईट तर लाल. राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियानात २००७ साली महाराष्ट्रातल्या ज्या पाच जिल्ह्यांत लोकाधारित देखरेख, म्हणजे गावकऱ्यांनीच सरकारी आरोग्यसेवेला असे रंग देणं, सुरू झाली, त्यांत धडगावचा नंदुरबार जिल्हा होता. आज हे तक्ते भरणारे हात कॉलेजातल्या पोरापोरींचे आहेत. काही जण शाळा सोडून गुजरातेत ऊसतोडीला जाऊन आलेले. लसीकरणापुढे जवळपास सगळीकडे हिरवा आहे. नर्सबाई पाड्यापर्यंत चालत येतात, हे त्यांनी मोकळेपणाने नोंदवलंय. म्हणूनच रुग्णवाहिकेच्या रकान्यातला लाल रंग टेबलामागच्यांना झटकून टाकता येत नाही.

विशीतली एक मुलगी उठते. हातात शंभर पानी वही. ती वाचते: कळा कधी सुरू झाल्या, पहिला फोन दहा वाजून वीस मिनिटांनी, दुसरा साडेअकराला. गाडी आली नाही. बाईला झोळीत घालून चौघे निघाले. वाटेतच ती बाळंत झाली. बाळ गेलं. रस्त्याला लागल्यावर जीपवाल्याला दीड हजार द्यावे लागले.

“ताई, गाडी होती. ड्रायव्हर रजेवर होता,” डॉक्टर म्हणतात.

“मग बदली ड्रायव्हर कोणी द्यायचा, साहेब?”

शेजारचा मुलगा भिंतीवरच्या रंगवलेल्या फलकाकडे बोट दाखवतो. जननी शिशु सुरक्षा कार्यक्रम. घरून दवाखान्यात नेणं, गरज पडली तर पुढे मोठ्या दवाखान्यात नेणं आणि परत घरी सोडणं, सगळं मोफत. २०११ पासून.

ती बाई इथेच बसली आहे. उठून पावरी बोलीत बोलू लागते, मुलगा मराठीत सांगत जातो. मध्येच त्याचा आवाज अडकतो. कुणी घाई करत नाही. “माझ्या जावेचे दिवस होळीच्या सुमाराला भरतात,” ती म्हणते आहे. “तिच्यासाठी रात्री फोन कोणाला लावायचा, तो नंबर आत्ता सांगा.”

जनसुनवाईला शिक्षा सुनावता येत नाही. तिची सारी ताकद चारचौघांत उत्तर द्यावं लागण्यात आहे, आणि ही मुलं ती पुरेपूर वापरतायत. यांचे आईबाप याच दारातून ‘उद्या या’ ऐकून मुकाट परतले असतील. यांना शासन निर्णय वाचता येतो, आणि साहेबांसमोर यांचे पाय लटपटत नाहीत. मला याचा फार आनंद होतोय, तो लपवत नाही.

तालुका अधिकारी स्वतःचा मोबाइल नंबर सांगतात. बदली ड्रायव्हरचा प्रस्ताव वर गेलाय, म्हणतात, लवकरच होईल.

“लवकरच नको. इतिवृत्तात तारीख लिहा, साहेब.”

“महिनाअखेर.”

“कोणत्या महिन्याची?”

ते कारकुनाकडे बघतात. तारीख लिहिली जाते. मुलगी ती आपल्या वहीत उतरवून घेते, वही टेबलावर सरकवते आणि सही मागते. सही होते. तोवर पुढच्या पाड्यावरची दोन पोरं उठून उभी राहिलीत. त्यांच्या मोबाइलमध्ये कुलूप लावलेल्या उपकेंद्राचे फोटो आहेत.