घटत्या उपयोगितेला न जुमानणारी तबकडी

अर्थशास्त्राच्या प्रत्येक प्राथमिक पाठ्यपुस्तकात घटत्या सीमांत उपयोगितेचा नियम असतो आणि तो समजावून देताना बहुधा आंब्याचे उदाहरण घेतले जाते. पहिला आंबा जे समाधान देतो ते दुसरा देत नाही. पाचवा-सहावा तर नकोसाच होतो. नियम निर्विवाद आहे. परंतु वर्गात एखादा तरी चौकस विद्यार्थी असा निघतोच, की जो विचारतो, ‘मग गाण्याचे काय?’ प्रश्न तसा जुना आहे. आल्फ्रेड मार्शल यांनी १८९० साली प्रसिद्ध झालेल्या अर्थशास्त्रावरील आपल्या प्रमुख ग्रंथात त्याची दखल घेतली होती. चांगले संगीत जितके अधिक ऐकावे तितकी त्याची गोडी वाढत जाते, हे त्यांनी मान्य केले; मात्र हा नियमाला अपवाद नव्हे, असे त्यांचे म्हणणे होते. नियम एका विशिष्ट वेळेपुरता असतो आणि संगीत ऐकणारा मनुष्य मधल्या काळात बदललेला असतो, हा त्यांचा युक्तिवाद. पुढे १९७७ साली जॉर्ज स्टिगलर आणि गॅरी बेकर या शिकागोच्या अर्थशास्त्रज्ञांनी नेमके उलट प्रतिपादन केले. माणसाची आवड बदलत नाही, बदलते ती त्याची ऐकण्याची कुवत. ऐकण्यात घालवलेला प्रत्येक तास ही एक गुंतवणूक असून तिच्यातून श्रोत्याजवळ एक प्रकारचे भांडवल साठत जाते, असे त्यांनी मांडले.

दोन्ही उपपत्ती चातुर्याच्या आहेत. परंतु ऐकणाऱ्यांचे प्रेम एका तबकडीवर पन्नास वर्षे का टिकते आणि त्याच साली निघालेल्या शेकडो तबकड्या अडगळीत का जातात, याचा उलगडा दोहोंपैकी एकीनेही होत नाही. त्यासाठी तबकडीकडेच जावे लागते.

‘पिंक फ्लॉइड’ या इंग्लिश वाद्यवृंदाची ‘विश यू वेअर हिअर’ ही तबकडी १२ सप्टेंबर १९७५ रोजी बाजारात आली. एकूण चव्वेचाळीस मिनिटांचा अवधी आणि त्यात अवघ्या पाच रचना. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात लंडनमध्ये जे सायकेडेलिक, म्हणजे भान हरपवू पाहणारे, संगीत निर्माण झाले, त्यातून पुढे प्रोग्रेसिव्ह रॉक या नावाने ओळखली जाणारी दीर्घ रचनांची परंपरा निघाली. या तबकडीत ते दोन्ही प्रवाह एकत्र वाहतात. ती निघाली तेव्हा ब्रिटनमध्ये अडीच लाख आणि अमेरिकेत नऊ लाख प्रतींची मागणी आगाऊ नोंदलेली होती. मागणी एवढी, की ई.एम.आय. कंपनीने दुकानदारांना त्यांनी मागितलेल्या प्रतींपैकी निम्म्याच मिळतील असे कळवून टाकले. यात नवल नाही. १९७३ मधील ‘द डार्क साइड ऑफ द मून’ या त्यांच्या आधीच्या तबकडीने विक्रीचे उच्चांक मोडले होते आणि अमेरिकेतील खपाच्या यादीत ती १९८८ पर्यंत सातशेहून अधिक आठवडे राहिली. गंमत अशी, की नव्या तबकडीवर त्या वेळच्या समीक्षकांपैकी अनेक जण नाखूश होते. ‘रोलिंग स्टोन’च्या समीक्षकाला तर वादकांची वृत्ती आळसावलेली वाटली आणि विषयाला न्याय मिळालेला नाही असे त्याने लिहिले.

तो विषय कोणता? सिड बॅरेट हा केंब्रिजचा तरुण या वाद्यवृंदाचा पहिला गायक, गिटारवादक आणि मुख्य गीतकार. १९६७ मधील त्यांची पहिली तबकडी बव्हंशी त्याचीच. त्यानंतर काही महिन्यांतच मादक द्रव्ये आणि मानसिक विकार यांच्या कचाट्यात तो असा सापडला, की रंगमंचावर उभा राहून वाजवीनासा झाला. जानेवारी १९६८ मध्ये त्याच्या मदतीला म्हणून त्याचाच केंब्रिजचा मित्र डेव्हिड गिल्मर याला घेण्यात आले, आणि एप्रिलमध्ये बॅरेट बाहेर पडल्याचे जाहीर झाले. ही गोष्ट ध्यानात घेतली म्हणजे तबकडीतल्या गिटारचा अर्थ बदलतो. ज्याच्यासाठी ती विलाप करते त्याच्याच जागी तो वादक बसलेला आहे.

पहिली रचना ‘शाइन ऑन यू क्रेझी डायमंड’ ही नऊ भागांची. तिचे पहिले पाच भाग तबकडीच्या आरंभी आणि उरलेले चार अखेरीस येतात. आरंभी रिचर्ड राईट यांच्या कळफलकाचे संथ, धूसर स्वर येतात. त्यांत काचेच्या पेल्यांच्या कडांवरून बोट फिरवून काढलेला नादही मिसळलेला आहे. दोनेक मिनिटांनी गिटार येते, तीही घाई न करता. सुमारे चार मिनिटे लोटल्यावर सर्व काही थांबते आणि एकटी गिटार चार स्वर उच्चारते. षड्ज पाश्चात्त्यांच्या ‘जी’वर धरला तर हे स्वर म्हणजे कोमल गंधार, कोमल निषाद, षड्ज आणि शुद्ध धैवत. आपल्या काफी थाटात हे चारही स्वर बसतात. अर्थात तेवढ्यावरून रागदारीशी नाते जोडण्याचा उत्साह कोणी दाखवू नये. तसे ते नाही. महत्त्वाचे आहे ते धैवतावर थांबणे. कान षड्जाकडे परतण्याची वाट पाहतो आणि गिटार परतत नाही. ते चार स्वर तसेच हवेत लोंबकळत राहतात. गिल्मर यांना ते सहज वाजवताना सापडले आणि रॉजर वॉटर्स यांना त्यांत गेलेल्या मित्राची आठवण ऐकू आली, अशी या गीताची जन्मकथा आहे. मानवी आवाज येतो तो साडेआठ मिनिटे उलटून गेल्यावर. ख्याल ऐकण्याची सवय असलेल्या आपल्या श्रोत्याला या विलंबाचे काही वाटणार नाही. रॉकच्या बाजारात मात्र तो उधळेपणाच होता.

हा उधळेपणा परवडला कसा, हा अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने विचारण्याजोगा प्रश्न आहे. आधीच्या तबकडीच्या यशाने या चौघांना वेळ विकत घेऊन दिला होता. रचना १९७४ मध्ये रंगमंचावर महिनोन्‌महिने वाजवून पारखली गेली आणि मग जानेवारी ते जुलै १९७५ या काळात लंडनच्या ॲबी रोड ध्वनिमुद्रणालयात सावकाश नोंदली गेली. याच पैशाने त्यांना पोखरलेही होते. मुद्रणाच्या वेळी हे वादक एकमेकांपासून मनाने दूर गेले होते. जो तो खोलीत हजर असून नसल्यासारखा होता, असे त्यांनीच पुढे सांगितले आहे. म्हणजे अनुपस्थिती ही केवळ बॅरेटची नव्हती. त्यातच जून १९७५ मध्ये बॅरेट स्वतः ध्वनिमुद्रणालयात येऊन उभा राहिला. तो स्थूल झाला होता, डोके आणि भुवया भादरलेल्या होत्या. जुन्या सोबत्यांनी त्याला बराच वेळ ओळखले नाही, आणि ओळख पटली तेव्हा वॉटर्स यांच्या डोळ्यांत पाणी आले. त्या वेळी त्याच्यावरच्याच गीतावर अखेरचे संस्कार चालू होते. कादंबरीकाराने असा प्रसंग रचला असता तर आपण त्याला नाटकी म्हटले असते.

मधल्या दोन रचना संगीताच्या व्यापारावर आहेत. एकीत तरुण कलावंताला गिळणारे यंत्र आहे; दुसरीत सिगार पुढे करणारा, गोड बोलणारा व्यवस्थापक आहे, आणि ते गीत रॉय हार्पर या बाहेरच्या गायकाने म्हटले आहे. वेष्टणावर दोन व्यावसायिक हस्तांदोलन करताहेत आणि त्यांतला एक पेटलेला आहे. स्टॉर्म थॉर्गरसन यांच्या ‘हिप्नॉसिस’ संस्थेने हे छायाचित्र हॉलीवुडच्या एका चित्रपटगृहात नव्हे, तर चित्रनिर्मितीच्या आवारात, साहसदृश्ये करणाऱ्या नटाला खरोखरच पेटवून घेतले. एवढे करून तबकडी विकली गेली ती काळ्या आवरणात, चित्र झाकून! कोट्यधीश झालेल्या वादकांनी पैशाविरुद्ध गावे आणि त्या गाण्याचेही पैसे व्हावेत, यातला विरोधाभास काही जणांना खटकतो, आणि तो खटकण्यासारखाच आहे. तबकडी निर्दोष आहे असा प्रस्तुत लेखकाचा दावा नाही. यंत्राच्या रचनेतले विद्युत्‌ध्वनी आज जुनाट वाटतात आणि शेवटचे चार भाग पहिल्या पाचांच्या तोलाचे नाहीत.

तरीही प्रेम टिकले. केवळ स्मरणरंजन म्हणून त्याची बोळवण करता येणार नाही. १९७५ साली जे विशीत होते ते आज सत्तरीत आहेत. त्यांचे स्मरणरंजन त्यांच्यापुरते ठीक आहे. पण महाविद्यालयांच्या वसतिगृहांतून गिटार शिकणारी जी मुले शीर्षकगीताचे सुरुवातीचे स्वर गिरवत असतात, त्यांचा जन्म त्या तबकडीनंतर तीस वर्षांनी झालेला आहे. त्या गीताची मांडणीच मोठी बोलकी आहे. आरंभी मोटारीतल्या रेडिओची स्थानके बदलल्याचा आवाज येतो, चायकोव्हस्कीच्या चौथ्या सिंफनीचा एक तुकडा निसटून जातो आणि मग दूरवरून, रेडिओतून यावी तशी, बारा तारांची गिटार सुरू होते. थोड्या वेळाने दुसरी गिटार तिला साथ करू लागते. ती अगदी जवळची, खोलीतली आहे. कोणी मुलगा घरी बसून रेडिओबरोबर वाजवतो आहे, असा तो आभास. म्हणजे श्रोत्यासाठी तबकडीतच जागा राखून ठेवलेली आहे.

मार्शल आणि बेकर यांच्या वादाचे मर्म मला येथे सापडते. ‘तू इथे असायला हवा होतास’ हा शीर्षकाचा अर्थ. त्यातला ‘तू’ कोण, हे तबकडीत कोठेही नाव घेऊन सांगितलेले नाही. बॅरेटची हकीकत ठाऊक नसलेला श्रोता त्या रिकाम्या जागी आपल्याला सोडून गेलेले माणूस बसवतो. अठराव्या वर्षी तो दुरावलेला मित्र असतो, पंचेचाळिसाव्या वर्षी वडील असतात. स्वर तेच राहतात. श्रोत्याजवळ जे साठत जाते ते कानाचे भांडवल थोडे आणि गमावलेल्या माणसांचे अधिक. आणि ते घटण्याचा प्रश्नच उद्भवत नाही. २ जुलै २००५ रोजी लंडनच्या हाइड पार्कमध्ये हे चौघे चोवीस वर्षांनंतर एकत्र आले, तेव्हा शीर्षकगीताच्या आधी वॉटर्स यांनी ते हजर नसलेल्या सर्वांसाठी, विशेषतः सिडसाठी, असल्याचे सांगितले. बॅरेट तेव्हा केंब्रिजमध्ये एकांतात राहत होता. पुढच्या वर्षी जुलैत तो गेला, २००८ मध्ये राईट गेले. फेब्रुवारी २००७ मध्ये वॉटर्स आपल्या वेगळ्या ताफ्यानिशी मुंबईत आले तेव्हाही वांद्रे-कुर्ला संकुलाच्या मैदानावर हे गीत झाले. तोवर त्यांना मूळ वाद्यवृंद सोडून वीसहून अधिक वर्षे झाली होती.

असे काही आज निर्माण होऊ शकेल काय? शंका घेण्यास जागा आहे. दीर्घ तबकडी अखंड विकली जात असे. तिची किंमत एक, मग आत पाच रचना असोत वा बारा. इंटरनेटवरून सुटी गाणी विकली जाऊ लागली तेव्हा या वाद्यवृंदाने ई.एम.आय.ला न्यायालयात खेचले. करारानुसार आमच्या तबकड्यांचे तुकडे करून विकता येणार नाहीत, असा त्यांचा दावा होता आणि मार्च २०१० मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयाने तो मान्य केला. परंतु जानेवारी २०११ मध्ये कंपनीशी तडजोड झाली आणि सुटी विक्री सुरू झाली. बाजाराने न्यायालयावर मात केली, असेच म्हणावे लागेल. स्पॉटिफायसारख्या सेवांत तर गीत तीस सेकंद ऐकले गेले की एक श्रवण नोंदले जाते, आणि दोन मिनिटांच्या गीताचे व साडेतेरा मिनिटांच्या रचनेचे श्रवण सारखेच मोजले जाते. या हिशेबात ‘शाइन ऑन’चे तीस सेकंद म्हणजे कळफलकाचा धूसर नाद, गिटार अजून आलेलीही नसते. ज्या तरुण वादकाला या मोजमापावर पोट भरायचे आहे, त्याने चार स्वरांसाठी चार मिनिटे थांबावे असे त्याला कोण सांगणार? ऐकणारे थांबायला तयार आहेत, हे तर दिसतेच आहे. थांबण्याचा मोबदला मात्र रद्द झाला आहे, आणि जुन्या तबकड्यांवरील प्रेम वाढण्याचे एक कारण नव्या तशा निघत नाहीत हेही असावे.

तबकडीची मालकी दरम्यान बदलली आहे. ऑक्टोबर २०२४ मध्ये या वाद्यवृंदाच्या ध्वनिमुद्रणांचे हक्क सोनी कंपनीने सुमारे चाळीस कोटी डॉलरना घेतल्याचे वृत्त आले. सिगार पुढे करणाऱ्या व्यवस्थापकाचे गीतही त्या सौद्यात गेले, हे ओघानेच आले. गिल्मर यांनी आपली काळी गिटार त्याआधीच, २०१९ मध्ये, न्यूयॉर्कच्या लिलावात विकली होती. एकोणचाळीस लाख पंचाहत्तर हजार डॉलर आले आणि लिलावाचे सारे उत्पन्न त्यांनी पर्यावरणासाठी झगडणाऱ्या संस्थेला दिले.

शीर्षकगीताच्या अखेरीस वाऱ्याचा आवाज सुरू होतो. १९७५ साली ॲबी रोडच्याच इमारतीत यहुदी मेन्युहिन यांच्याबरोबर काम करीत असलेले फ्रेंच व्हायोलिनवादक स्टेफान ग्रापेली यांना बोलावून या गीतावर व्हायोलिन वाजवून घेण्यात आले होते. नंतर ते इतके खाली दाबले गेले, की वेष्टणावर त्यांचे नावही घातले नाही. २०११ मध्ये ते व्हायोलिन स्पष्ट ऐकू येईल असे मुद्रण प्रसिद्ध झाले आणि ते सुंदर आहे. तरी जुने श्रोते मूळ तबकडीच लावतात आणि गीत संपताना आवाज वाढवून त्या वाऱ्यात ग्रापेलींचा माग काढीत बसतात.