सोलापूरहून जॅझ ऐकायला जायचंय? मग हे आधी वाचा

ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. विषय आहे लाइव्ह जॅझ.

आपल्या हुतात्मा स्मृती मंदिरात मी नाटकं पाहिली, गाण्याच्या मैफली ऐकल्या. जॅझचं तिकीट मात्र तिथं कधी काढलेलं नाही. त्यासाठी गाडी पकडावी लागते. आता एक रजा, एक रात्र आणि तिकिटाचे पैसे घालवायचे आणि तिथं बसून काहीच कळेना झालं, तर जिवावर येतं ना? म्हणून आधी थोडी तयारी करू.

कधी आणि कुठं?

३० एप्रिल हा आंतरराष्ट्रीय जॅझ दिन. युनेस्कोनं तो २०११ मध्ये जाहीर केला. त्याच्या आसपास मोठ्या शहरांत कार्यक्रम लागतात. दुसरा महिना नोव्हेंबर. मुंबईत नरिमन पॉइंटच्या एनसीपीएमध्ये अलीकडच्या वर्षांत याच महिन्यात आंतरराष्ट्रीय जॅझ महोत्सव होतो. तारखा दरवर्षी बदलतात, त्यामुळे ऑक्टोबरपासूनच त्यांच्या वेबसाइटवर लक्ष ठेवा. सकाळी वंदे भारतनं निघालात तर दुपारी सीएसएमटीला, तिथून टॅक्सीनं थोडंच अंतर. परतीला रात्रीची सिद्धेश्वर आहेच. फक्त कार्यक्रम संपायची वेळ आणि गाडीची वेळ जुळते का ते आधी बघा.

जाहिरात कशी वाचायची?

‘ट्रिओ’ म्हणजे तिघं, बहुतेक वेळा पियानो, बेस आणि ड्रम. ‘क्वार्टेट’मध्ये चौघं, चौथा बरेचदा सॅक्सोफोन किंवा ट्रम्पेटवाला. ‘बिग बँड’मध्ये पंधरा-सतरा जण, त्यामुळे बरंचसं आधी लिहून बसवलेलं. पहिल्यांदाच जाताय? मग क्वार्टेट निवडा. कोण काय करतंय ते डोळ्यांनाही दिसतं.

आणि ऐकायचं कसं?

सुरुवातीला सगळे मिळून मूळ चाल वाजवतात. तिला ‘हेड’ म्हणतात. आपल्या बंदिशीसारखंच समजा. मग ती चाल गायब होते आणि एकेक जण आयत्या वेळी सुचेल तसं वाजवत जातो. नवखा माणूस हरवतो तो इथंच. पण खालचं आवर्तन सुटलेलं नसतं. बारा बारचा ब्लूज म्हणजे ४८ मात्रा, म्हणजे आपल्या त्रितालाची तीन आवर्तनं! बत्तीस बारची चाल म्हणजे आठ. तबल्याच्या सोलोला लेहरा जे काम करतो, ते इथं बेस आणि पियानो करतात. मी एक युक्ती वापरतो: सोलो चालू असताना मूळ चाल मनात गुणगुणत राहायची. वाजवणारा किती लांब गेला आणि कुठून परत आला, ते आपोआप कळतं.

एक फरक मात्र लक्षात ठेवा. आपल्याकडे तानपुऱ्याचा सा जागचा हलत नाही. जॅझमध्ये खालचे कॉर्ड सारखे बदलतात, आणि त्यांच्याबरोबर कुठला सूर गोड लागणार तेही बदलतं. सुरुवातीला ‘बेसूर’ वाटतं ते बरेचदा यामुळे.

शेवटाकडे चार बार सॅक्सोफोन, चार बार ड्रम असं चालतं, ते सवाल-जवाबच. प्रत्येक सोलो संपला की टाळ्या वाजवतात, तुकडा चालू असला तरी. लाजू नका.

आणि हे संगीत आपल्याला अगदीच परकं नाही बरं का. नगर जिल्ह्यातल्या पुणतांब्याचे सी. रामचंद्र यांनी १९५१ च्या ‘अलबेला’त गोव्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट यांना बरोबर घेतलं होतं. ती गाणी आपल्या घराघरांत वाजली. म्हणजे कान अर्धे तयार आहेतच.

मग गाडीचा खर्च कशाला? तर आज सुचलेला सोलो उद्या तसाच्या तसा वाजत नाही. रेकॉर्डिंगमध्ये तो सुचून झालेला असतो. समोर बसलं की सुचताना दिसतो.

जाऊन आलात की नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात!