मुलांनी बळकावलेलं संग्रहालय

लंडनच्या बेथनल ग्रीनमध्ये 'यंग व्ही अँड ए' हे मुलांचं संग्रहालय आहे. मुलीचं घर जवळच, त्यामुळे नातीला तिथे नेण्याचं काम माझ्याकडे. प्रवेश फुकट. नात मोठाल्या ठोकळ्यांची घरं रचायला बसली, की मला इमारत निरखायला सवड मिळते. आयुष्यभर शाळेत चित्रकला शिकवली. नजर आधी छताकडेच जाते.

छत लोखंडी कमानींचं, आणि हा सांगाडा मुळात इथला नाहीच. 1850च्या दशकात तो साउथ केन्सिंग्टनमध्ये संग्रहालयासाठी उभारला होता. लंडनकरांनी त्याला 'ब्रॉम्प्टनचे बॉयलर' म्हणून यथेच्छ हिणवलं. तिकडे पक्क्या इमारती आल्या, तेव्हा हा सांगाडा सुटा करून पूर्व लंडनच्या कामगारवस्तीत आणला. थोरल्याचा सदरा धाकट्याला, तसलाच प्रकार! बाहेरून लाल विटांच्या भिंती चढवून 1872 साली संग्रहालय उघडलं.

फरशीपाशी मात्र मी जरा जास्तच रेंगाळते. संगमरवराच्या बारक्या तुकड्यांची, माशाच्या खवल्यांसारखी नक्षी. ती घडवली वोकिंगच्या तुरुंगातल्या बायकांनी. त्यावर आता दिवसभर पोरं रांगतात, लोळतात.

तेव्हा मुलं कुणाच्या मनातही नव्हती. गरिबांना चार चांगल्या गोष्टी दाखवाव्यात, हा साहेबांचा हेतू. म्हणून सर रिचर्ड वॉलेस यांचा चित्रसंग्रह मांडला, अन्नपदार्थांची माहिती देणारं प्रदर्शनही होतं. आसपासच्या गल्ल्यांतली मुलं तरीही यायचीच. 1922 साली कारभार हाती घेतलेल्या आर्थर सॅबिन यांना दालनांत कंटाळलेल्या मुलांचा गलका ऐकू आला. दुसरा कुणी असता तर त्याने दारावर पहारा वाढवला असता. सॅबिन यांनी मुलांना आवडेल अशी मांडणी सुरू केली, खेळणी जमवली. राणी मेरीनेही भेटी दिल्या. 1974मध्ये हे रीतसर बालपणाचं संग्रहालय झालं. मग मोठी डागडुजी होऊन 1 जुलै 2023 रोजी ते नव्या नावाने उघडलं, आणि पुढच्याच वर्षी ब्रिटनमधल्या सर्वोत्तम संग्रहालयाचा मान त्याला मिळाला.

आता तीन मुख्य दालनं आहेत: खेळ, कल्पना आणि डिझाइन. नव्या मांडणीसाठी आसपासच्या शाळांतल्या मुलांचं मत घेतलं होतं, आणि ते जाणवतं. अगदी तान्ह्यांसाठीही वेगळा कोपरा आहे. डिझाइनचं दालन वरच्या मजल्यावर. तिथे जरा मोठी मुलं रमतात.

सगळंच हाताळू देत नाहीत, हे मला पटतं. संग्रहात न्यूरेंबर्गचं 1673 सालचं बाहुलीघर आहे, आत इवल्याशा भांड्यांचं स्वयंपाकघर. असल्या वस्तूला काच हवीच. "आजी, यांचा गॅस कुठंय?" नातीने विचारलं. मग चुलीवरचा स्वयंपाक समजावताना माझी अर्धी दुपार गेली.

शक्यतो शाळांच्या सहली नसतील त्या वेळी जावं. त्या लोखंडी छताखाली पोरांचा आवाज असा घुमतो, की सॅबिनसाहेबांच्या सहनशक्तीला नमस्कार करावासा वाटतो.