जुन्या खानेसुमारींतून दिसणारें शेतकऱ्याचें घर

खानेसुमारी म्हणजे माणसें मोजण्याचें सरकारी काम. त्याचा शेतकऱ्यास उपयोग काय, असा प्रश्न पुष्कळ जण करितात. परंतु आपले पणजे किती जमिनीवर किती माणसें पोशीत होते, हें जाणावयाचें तर जुन्या नोंदींवांचून गति नाहीं, असें आम्हांस वाटतें.

हिंदुस्थानांत पहिली सर्वसाधारण खानेसुमारी इ. स. १८७२ च्या सुमारास झाली व देशभर एकाच वेळीं मोजणी १८८१ सालीं झाली. इंग्लंडांत घरोघरचे तक्ते शंभर वर्षांनीं लोकांस पाहावयास मिळतात. १९२१ सालचे तक्ते २०२२ सालीं खुले झाले. आपल्याकडे १९४८ च्या जनगणना कायद्यानें प्रत्येक घराची माहिती गुप्त ठेविली आहे व छापलेल्या ग्रंथांत केवळ बेरजा मिळतात. म्हणून घराचा वृत्तान्त हवा असेल तर खानेसुमारीस गांवच्या दप्तराची जोड दिली पाहिजे.

ही जोड कशी द्यावी याचा धडा पुण्याच्या शेतकी कॉलेजाचे प्रिन्सिपॉल डॉ. हॅरॉल्ड मॅन यांनीं घालून दिला. पुण्याजवळील पिंपळे सौदागर या गांवीं त्यांनीं जुनीं दप्तरें तपासलीं, घरोघर चौकशी केली व १९१७ सालीं ती प्रसिद्ध केली. तींत एका खात्याची सरासरी जमीन १७७१ सालीं ४० एकर, १८१८ सालीं १७॥ एकर, १८२० ते १८४० पर्यंत १४ एकर व १९१४-१५ सालीं अवघी ७ एकर अशी दिसली. १०३ कुटुंबांपैकीं केवळ शेतीवर नीट निभावणारीं ८ व बाहेरच्या मजुरीच्या जोडीनें निभावणारीं २८ निघालीं. उरलेल्या ६७ कुटुंबांचा खर्च उत्पन्नांतून भागत नव्हता.

हे आकडे वाचतांना एक सावधगिरी बाळगावी. जुन्या कागदांत नांव खातेदाराचें असतें. त्या एका नांवामागें चार भावांचें एकत्र कुटुंबही असूं शकेल. म्हणून ४० एकरांचा धनी सुखीच होता असें एकदम म्हणूं नये. जमिनीबरोबर खाणारीं तोंडेंही मोजलीं पाहिजेत.

मुंबई प्रांतांत १९४७ सालीं तुकडेबंदीचा व एकत्रीकरणाचा कायदा झाला, त्याच्या मुळाशीं हीच वाटणीची चिंता होती. आमच्या वाचकांस आमची विनंती अशी कीं, प्रत्येकानें तलाठ्याकडून आपल्या जमिनीचे जुने फेरफार व सात-बाराचे उतारे मिळवावे. एका वहींत साल, खातेदार, एकर व घरांतील माणसें अशीं चार सदरें आंखावीं, आणि जेथें कागद नाहीं तेथें घरच्या वडीलधाऱ्यांस विचारून त्या भरून घ्याव्या. पुढची वाटणी करण्यापूर्वीं ती वही सर्व भावांनीं एकत्र बसून वाचावी. आपल्या मुलांच्या वांट्यास काय येणार हें तींतून आपोआप समजेल.