न्यू लॅनार्क : गिरणीच्या गावातून एक पायी फेरी

सहलीत मुलांना स्थळ दाखविणे सोपे असते. तेथे काय घडले हे त्यांच्या डोळ्यांपुढे उभे करणे अवघड. स्कॉटलंडमधील न्यू लॅनार्क या सूतगिरणीच्या गावात माहितगारासह केलेली पायी फेरी या दृष्टीने शिक्षकांनी अभ्यासण्याजोगी आहे.

लॅनार्क शहराकडून येणारी वाट क्लाइड नदीच्या खोल दरीत उतरते. अशा अडचणीच्या जागी गिरण्या का बांधल्या, हा प्रश्न वाटेतच पडतो. थोडे वर कोरा लिन हा धबधबा आहे, आणि नदीचे पाणी खडकातील बोगद्यातून पाटाने गिरण्यांपर्यंत आणलेले दिसते. उत्तर मुलांनी स्वतःच शोधावे. पाणी जेथे जोराने पडे तेथे गिरणीस जावे लागे, व मजूर मागाहून आणावे लागत. ग्लासगोचा व्यापारी डेव्हिड डेल याने रिचर्ड आर्कराइटच्या सहकार्याने १७८५ च्या सुमारास हे गाव वसविण्यास प्रारंभ केला. उत्तरेकडील डोंगराळ मुलखातून आलेल्या कुटुंबांची आठवण ‘केथनेस रो’ या चाळीच्या नावात राहिली आहे.

मजुरांत अनाथालयांतून आणलेली शेकडो मुलेही होती. डेल निर्दय नव्हता. अन्न व अंथरूण तो बरे देई, शिक्षकही नेमी. परंतु मुले सकाळी सहापासून सायंकाळी सातपर्यंत, जेवणाची सुटी वगळता, गिरणीत राबत आणि मग रात्रीच्या शाळेत बसत. पेंगुळलेल्या मुलास अक्षर कसे लागावे, हे शिक्षकांस सांगावयास नको.

१८०० मध्ये डेलचा जावई रॉबर्ट ओवेन व्यवस्थापक झाला. त्याने दहा वर्षांखालील मुलांस कामावर घेणे बंद केले. १८१६ च्या पहिल्या दिवशी त्याने जी संस्था उघडली, तिची इमारत आजही उभी आहे. येथे मात्र फेरीने घाई करू नये. जेमतेम चालू लागलेली बालकेही येथे येत. छडी नव्हती, बक्षिसेही नव्हती. भिंतींवर प्राण्यांची मोठी चित्रे व नकाशे असत; गाणे व नृत्य हा शिक्षणाचाच भाग होता. बालवर्गासाठी ओवेनने जेम्स बुकॅनन हा साधा विणकर आणि मॉली यंग ही गिरणीतील तरुणी निवडली, कारण त्यांस मुलांची आवड होती. मुलांस मारू नये, धमकावू नये, ही त्यांना पहिली सूचना होती.

गिरणीत गेल्यावर निराळाच प्रकार पाहावयास मिळतो. प्रत्येक मजुराजवळ चार बाजूंचा एक लहान लाकडी ठोकळा टांगलेला असे. आदल्या दिवशीचे वर्तन वाईट असल्यास काळी, मध्यम असल्यास निळी, चांगले असल्यास पिवळी व उत्तम असल्यास पांढरी बाजू पुढे येई. शिव्या व मारापेक्षा हे सौम्य खरे. तथापि शाळेत बक्षीस नाकारणारा मनुष्य गिरणीत सर्वांदेखत रंग लावीत होता, ही विसंगती वरच्या वर्गातील मुलांपुढे अवश्य मांडावी. दहा वर्षांच्या मुलास काम तेथेही चुकले नव्हते, हेही झाकू नये. १८१६ मध्ये दिवस, जेवणाची सुटी वगळता, पावणेअकरा तासांचा होता. आजच्या चौथी-पाचवीतील मुलाने तो मोजून पाहावा.

भागीदारांशी, विशेषतः धर्मशिक्षण व नृत्य यांवरून, मतभेद होऊन १८२५ मध्ये ओवेन येथून गेला. गिरण्या १९६८ पर्यंत चालल्या. २००१ मध्ये गावाचा जागतिक वारसा स्थळांत समावेश झाला. जुन्या चाळींत आजही लोक राहतात. म्हणून फेरीतील मंडळींनी त्यांच्या दारांपुढे आवाज बेताचा ठेवावा.