कुकी : प्रवाद आणि वस्तुस्थिती

कुकी म्हणजे संगणकात चोरपावलांनी शिरणारा एखादा जंतू, आणि तो झाडून काढला की आपले खासगी आयुष्य सुरक्षित झाले, असा जो समज सुशिक्षितांतही रूढ आहे, त्याचा पूर्वार्ध निराधार आणि उत्तरार्ध अपुरा आहे. कुकी हा प्रोग्रामच नव्हे. ती फार तर चार किलोबाइटांची, अक्षर-अंकांची चिठ्ठी असून तिला आपल्या फायली वाचण्याचे सामर्थ्य नाही. वेबच्या मूळ रचनेत सर्व्हरला मागच्या विनंतीची स्मृती नसते. आधीचे पान मागणारा आणि आताचे मागणारा इसम एकच की निराळा, हे त्याला उमगत नाही. या विस्मरणावर तोड म्हणून 1994 साली नेटस्केप कंपनीतील लू माँटुली यांनी कुकीची ही युक्ती योजली. देवळाबाहेर चपला सोपवताना मिळणाऱ्या बिल्ल्याप्रमाणे चिठ्ठीवर बहुधा नुसता क्रमांक असतो. तपशील सारा सर्व्हरच्या दप्तरी. सबब कुकीत पासवर्ड लिहिलेला असतो, हेही सहसा खरे नाही. मात्र लॉग-इनचा हा क्रमांक कोणी लांबवला, तर पासवर्डावाचूनही तो आपल्या नावाने वावरू शकतो.

एका संकेतस्थळाची कुकी दुसऱ्याला वाचता येते, ही समजूतही चुकीची. ज्या संकेतस्थळाने ठेवली त्यालाच ती परत मिळते, असा ब्राउझरचा दंडक आहे. खरी मेख आहे ती इथेच. गुडघेदुखीवरील लेख उघडताना पानाच्या कडेला ज्या जाहिरात-कंपनीची चौकट असते, तिच्याकडेही ब्राउझर स्वतंत्र विनंती धाडतो, आणि तिच्यासोबत त्या कंपनीची जुनी कुकी व आपण कोणत्या संकेतस्थळावर आहोत याची खबर रवाना होते. सायंकाळी बातम्या वाचताना तीच कंपनी तेथेही हजर असली, की क्रमांक जुळतो आणि बातमीशेजारी मालिशच्या तेलाची बाटली अवतरते. दंडकाचा भंग कोठेच झालेला नसतो, पाळत मात्र पुरी झालेली असते.

अशा तृतीय-पक्षीय कुकींना सफारी ब्राउझरने 2020 मध्ये सरसकट मज्जाव केला. त्याच वर्षी तसाच संकल्प सोडणाऱ्या गूगलने आपल्या क्रोम ब्राउझरपुरता तो 2024 मध्ये गुंडाळला, आणि जिची मिळकत जाहिरातींवर चालते तिच्याकडून निराळी अपेक्षा करणेही भाबडेपणाचेच होते. ब्राउझरच्या इन्कॉग्निटो, म्हणजे खासगी, खिडकीने अदृश्य होता येते, हाही भ्रमच. ती बंद करताच तिच्यातील कुकी नष्ट होतात खऱ्या, पण आपला आयपी पत्ता संकेतस्थळाला दिसलेला असतोच. कुकींसाठी संकेतस्थळे जी संमती मागतात, तिच्या पट्टीवर आधीच खूण केलेला चौकोन म्हणजे संमती नव्हे, असा निवाडा युरोपीय संघाच्या न्यायालयाने 2019 मध्ये दिला आहे.

शिवाय पडद्याचे आकारमान, फाँट, ब्राउझरची आवृत्ती यांच्या मेळावरूनही माणूस ओळखता येतो, आणि ही नोंद आपल्या संगणकात नसल्यामुळे ती पुसण्याची सोयच नाही. सर्व कुकी वारंवार पुसत बसल्याने जागोजागी लॉग-इन गमावण्याचा मनस्ताप तेवढा पदरी पडतो. त्यापेक्षा केवळ तृतीय-पक्षीय कुकी रोखण्याची मुभा क्रोमच्या सेटिंग्जमध्येही आहे.